मूळ सीडी कुणाकडे?

आमच्या दिल्लीच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से लवकर साचतात, आणि ते शोधायला स्टोअररूममध्ये जावं लागत नाही. हे सगळे एकाच अपडेटचे.

झालं काय, पेन्शनचे कागद ज्या जुन्या सॉफ्टवेअरमधून निघतात, ते अपडेट होता होता मध्येच अडून बसलं. म्हणे, मूळ इन्स्टॉलेशनची सीडी टाका. नवं सुरू होईना, जुनं चालेना. आणि महिनाअखेर आमचे देशपांडे सर रिटायर होणार, त्यांचे कागद यातूनच निघायचे. सर म्हणाले, "आयुष्यभर लोकांची पेन्शन सोडवली, आता माझीच अडकली. देवालाही ऑफिसचं काम जमतं बरं का."

*

सक्सेनाजी आमचे बॉस. त्यांनी हेल्पडेस्कला फोन लावला. "सर, एक बार बंद करके चालू कीजिए." केलं. पुन्हा तीच मागणी, पुन्हा फोन. "तो फिर सीडी डाल दीजिए, सर."

"बेटा, सीडी होती तो तुमसे बात क्यों करता?"

*

स्टोअररूममध्ये सॉफ्टवेअरचं नाव लिहिलेला डबा सापडला, आत सीडीही होती. सीडी चालणारा एकच जुना कंप्यूटर उरला होता, त्याच्याभोवती सगळं सेक्शन जमलं. सीडी टाकली आणि सनई सुरू झाली. कुणाच्या तरी लग्नाची सीडी! सक्सेनाजी हळदीपासून पाठवणीपर्यंत हलले नाहीत.

मी विचारलं, "सर, कुछ इन्स्टॉल हुआ?"

"नहीं. लेकिन लड़की अच्छे घर में गई है."

*

सॉफ्टवेअर बसवलं होतं जोशी मॅडमनी. त्या बदलीवर नागपूरला गेलेल्या. मी फोन केला.

"अगं सुनीता, जुन्या सीड्या मी घरी नेल्या होत्या, कबुतरांसाठी. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत टांगल्या होत्या. चमकल्या की मेली येत नाहीत. आता तिथे कोण राहतं कुणास ठाऊक."

तिथे मी राहते. त्या सीड्यांखाली रोज कपडे वाळत घालते.

स्टुलावर चढून काढल्या, भांड्यांच्या साबणाने धुतल्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक चालली आणि अपडेट पुढे सरकलं. सक्सेनाजींनी कंप्यूटरला हात जोडले. सरांचे कागद वेळेत गेले तेव्हा मला खरंच भरून आलं. काही टाकून न देणाऱ्या बायकांना आपण उगाच हसतो. जोशी मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

*

सीडी ऑफिसच्या कपाटात गेली, बाकीच्याही मी जपून ठेवल्या, आणि बाल्कनीत कबुतरांनी संसार मांडला.

रिटायर झाल्यावरच्या रविवारी देशपांडे सर घरी आले. हातात निरोपसमारंभात मिळालेलं स्टीलचं ताट, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं. काठाला भोक आणि त्यात तार.

"करोल बागेत गाडीच्या पार्ट्सवाल्याकडून पाडून घेतलं," ते म्हणाले.

"अहो सर, आठवण म्हणून दिलंय ते. घरी ठेवा ना."

ते ऐकतायत कुठले! स्वतः स्टुलावर चढले, ताट टांगलं, फिरवून नीट केलं.

"नाव बाहेरच्या बाजूला राहू दे गं. कळू दे कबुतरांना, आता मी फुलटाइम इथेच आहे."