तिकीट काढलेली माणसं

आनंदी माझी बहीण. सख्खी, पाठची. पुण्यात बॉक्सिंगचा विषय निघाला आणि तिचं नाव निघालं नाही, तर बोलणारा बाहेरगावचा आहे असं खुशाल समजा. तिची पदकं आमच्या घरात टीव्हीच्या वरच्या खिळ्याला लटकलेली आहेत, आणि तिचा डावा हुक ज्यानं खाल्लाय त्याला तो स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का लक्षात आहे. मी नववीपर्यंत शिकलो, हिंजवडीला कंपनीची बस चालवतो, पण बहीण कशी वाढवावी ते मला विचारायला या. आता हे सगळं तिचं आहे, म्हणून मी बाजूला होतो. यात जो दादा येईल तो मीच.

आनंदी पेठेतल्या एका व्यायाम मंडळाच्या हॉलमध्ये शिकवते. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, मध्ये रिंग. सकाळी एक बॅच, संध्याकाळी एक. किल्ली तिच्याकडे, पण हॉल मंडळाचा, आणि मंडळ म्हणजे श्यामसुंदर काका. काका अध्यक्ष आहेत. कधीपासून, ते काकांनाही सांगता येणार नाही.

दर थंडीत मंडळाची बॉक्सिंग स्पर्धा व्हायची. प्रवेश फुकट. लोक यायचे, भेळ घेऊन बसायचे, भेळ संपली की उठायचे. आणि मंडळाचा एक शिरस्ता होता. प्रमुख पाहुणे दारात दिसले की चेतननं घंटा वाजवायची. चेतनचं झेरॉक्सचं दुकान आहे, स्पर्धेच्या दिवशी तो दुकान बंद ठेवून घंटेपाशी बसतो. घंटा वाजली की लढत असेल तिथं थांबायची. मग पाहुणे रिंगमध्ये चढणार, शाल, नारळ, दोन शब्द. दोन शब्द संपले की लढत पुढे सुरू. तोवर पोरांचा घाम वाळलेला असायचा. आनंदी स्वतः लढायची तेव्हा तिच्याही लढती अशाच थांबल्या. जिंकलं की तिलाही शाल. घरी शाली इतक्या झाल्या की आमच्या आईनं, गोदाबाईनं, त्यांच्या गोधड्या शिवल्या.

आनंदीच्या हाताखालचा सगळ्यात तयार गडी म्हणजे अभिनव. नांदेडकडचा. कामासाठी पुण्यात आला, कुरिअरच्या गोडाऊनमध्ये लागला. मूठ कशी वळायची इथपासून आनंदीनं त्याला शिकवलं. एका संध्याकाळी बॅच संपल्यावर तो हाताच्या पट्ट्या सोडत तिच्यापाशी येऊन बसला.

"ताई, रागावू नका. हिंजवडीच्या पिंजरावाल्यांचा फोन आलाय. पुढच्या शोला घेतो म्हणतात."

पिंजरावाले म्हणजे एमएमएवाले. जाळीच्या पिंजऱ्यात दोघांना सोडतात. बुक्की चालते, लाथ चालते, खाली पाडून गळा आवळलेला चालतो.

"पैसे जास्त देतात का?" आनंदीनं विचारलं.

"पैशाचं नाही हो. तिथं लोक तिकीट काढून येतात. लाईट, म्युझिक, फुल पॅक्ड. आपल्याकडं मी समोरच्याला कोपऱ्यात घेतो आणि पहिल्या रांगेतले कोणीतरी काका गाडी नीट लावली का ते बघायला उठतात."

असे काका आनंदीनंही पाहिले होते.

"आणि बॉक्सिंगला तिकीट लागलं तर?"

"बॉक्सिंगला? पुण्यात?" अभिनव हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "लावून दाखवा ताई. खुर्च्या भरल्या तर मी कुठं जात नाही."

"शब्द?"

"शब्द."

आनंदीनं आधी तो पिंजरा बघायचं ठरवलं. दादाच्या बसमधली पोरं आठवडाभर त्याच गप्पा मारत होती, त्यामुळे कुठं, कधी, सगळं दादाला पाठ होतं. शनिवारी संध्याकाळी दोघं स्कूटरवर हिंजवडीला गेले आणि तिकीट काढून आत बसले. हॉलमध्ये अंधार, उजेड फक्त पिंजऱ्यावर. प्रत्येक गडी आपापलं गाणं लावून येत होता. तो कुठला, काय करतो, हे आधी पडद्यावर दाखवत होते. मग लढत. उभे होते तोवर बरं चाललं. खाली पडले की एकमेकांत असे गुंतायचे की कोणाचा पाय कोणता ते कळेना. शेजारच्या पोरानं तर मोबाईल काढला. दादानं त्याला सांगितलं की माझी बहीण आत गेली तर हे सगळे पाच मिनिटांत झोपतील. पोरानं एकदा आनंदीकडे बघितलं आणि मोबाईल खिशात ठेवला.

परत येताना आनंदी वाकडच्या पुलावर म्हणाली, "दादा, इथं एकदाही सत्कार झाला नाही."

"पाहुणेच नव्हते ना."

"होते की. सगळे तिकीट काढून आलेले."

दुसऱ्या दिवशी ती श्यामसुंदर काकांकडे गेली. काका पेपर वाचत होते. तिकीट म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली केला, सत्कार शेवटी म्हटल्यावर घडी घालून बाजूला ठेवला.

"म्हणजे पाहुण्यांनी तोपर्यंत नुसतं बॉक्सिंग बघायचं?"

"त्यासाठीच बोलावतो ना आपण, काका."

"तुला पाहुण्यांचा अनुभव नाही."

"शेवटची लढत झाली की हव्या तेवढ्या शाली घाला. मधे कोणी आलं तरी घंटा वाजणार नाही. तेवढं द्या मला. बाकी सगळं मी बघते."

काकांनी चष्मा पुसला. "खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर?"

"तर पुढच्या वर्षी फुकट. मी शब्द काढणार नाही."

"बरं," काका म्हणाले. "तुझी हौस होऊन जाऊ दे."

तिनं चेतनलाही दुकानात गाठून सांगितलं. "पाहुणे आले तरी घंटा नाही." चेतननं मशीनमधून कागद काढता काढता मान डोलावली.

तिकीट दोनशे रुपये ठेवलं. बॅचची पोरं मंडईत, कॉलेजांच्या दारात, चहाच्या टपऱ्यांवर उभी राहिली. दादानं बसमधल्या इंजिनिअर मंडळींना सांगितलं की तिकीट घेतलं नाही तर एसी बिघडू शकतो. आनंदी स्वतः मंडळाच्या दारात टेबल टाकून बसली. शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ आले. पायजमा, स्वेटर, हातात दुधाची पिशवी. त्यांनी टेबलावरचा तिकिटांचा बोर्ड शेवटपर्यंत वाचला.

"पूर्वी फुकट होतं."

"पूर्वी थोडं बॉक्सिंग आणि बाकी भाषणं होती," आनंदी म्हणाली.

"आता भाषणं नाहीत?"

"लढती संपेपर्यंत नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

"मग दोन द्या. हिलाही आणतो."

स्पर्धेच्या संध्याकाळी खुर्च्या भरल्या. नुसत्या भरल्या नाहीत, मागं भिंतीला टेकून लोक उभे राहिले. आनंदीनं हॉल अंधारात ठेवला होता, उजेड फक्त रिंगवर. पिंजऱ्यातलं तेवढं तिनं उचललं होतं. दारात भेळवाला होता, पण आत भेळ नाही. प्रत्येक लढतीआधी माईकवर गडी कुठला, काय काम करतो ते सांगत होते. भाजीवाल्याचा मुलगा म्हटलं की मंडईचा कोपरा टाळ्या वाजवायचा. पार्किंग बघायला कोणी उठलं नाही. काका पहिल्या रांगेत पाहुण्यांची रिकामी खुर्ची सांभाळत बसले होते आणि दर थोड्या वेळानं मागं वळून गर्दी बघत होते.

शेवटची लढत अभिनवची. समोर लोणी काळभोरचा रोहन. उंच, हात लांब, त्याच्यासाठी गावातून टेम्पो भरून माणसं आलेली. पहिला राऊंड रोहननं घेतला. लांबूनच मारत राहिला, अभिनवला जवळ येऊ दिलं नाही. मधल्या विश्रांतीत आनंदीनं अभिनवच्या तोंडावर पाणी मारलं.

"त्याचा उजवा हात परत यायला उशीर होतोय. तेव्हा आत शिर."

दुसऱ्या राऊंडला अभिनव आत शिरला. एक पोटात, एक बरगडीत, आणि मग डावा हुक. तो हुक कोणाचा, हे ओळखीच्यांना सांगावं लागलं नाही. रोहन दोरांना टेकला, त्याचे गुडघे हलले. हॉल उठून उभा राहिला. आता एकदोन फटके आणि लढत संपली, हे आनंदीला दिसत होतं, अभिनवला दिसत होतं आणि रोहनलाही दिसत होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि पाहुणे आले. मागं चार माणसं, पुढं एकाच्या हातात हार.

आणि घंटा वाजली.

चेतनला नंतर पुष्कळांनी विचारलं. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. दार उघडलं, हार दिसला, हात गेला. इतकी वर्षं तो हात तसाच जात होता.

अभिनवनं हात खाली घेतले. रेफरीनं दोघांना वेगळं केलं आणि घड्याळाकडे बघत राहिला. मंडळाची पोरं शाल आणि नारळाचं ताट घेऊन सवयीनं रिंगकडे निघाली, आणि पाहुणे सवयीनं रिंगची पायरी चढले. रोहन दोराला धरून खोल श्वास घेत होता.

आनंदी अभिनवच्या कोपऱ्यातून खाली उतरली, पळत फेरा मारून पायरीपाशी आली. पाहुण्यांचा एक पाय दोरांच्या आत होता.

"साहेब, खाली बसा. राऊंड चालू आहे."

पाहुण्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी काकांकडे बघितलं. काका उठले, "अगं आनंदी, दोन मिनिटांचा प्रश्न आहे," म्हणाले.

मागून लोणीचा एक जण ओरडला, "आवं, तिकीट काढलंय आमी. आमचाच गडी मार खातोय, तरी बी बघायचंय."

मग तिसऱ्या रांगेतून स्वेटरवाले गृहस्थ उभे राहिले. आवाज शांत. "अहो, भाषण नाही असं सांगून आमच्याकडून पैसे घेतलेत. आपण बसून घ्या." आणि मागून, भिंतीकडून, सगळीकडून, "बसून घ्या, बसून घ्या."

पाहुण्यांनी पाय बाहेर काढला. खुर्चीवर बसले नाहीत. हार घेऊन आलेल्या माणसासकट आले तसे निघून गेले. काका त्यांच्या मागं दारापर्यंत धावले.

लढत पुढे सुरू झाली. पण रोहनला हवा होता तेवढा दम मिळाला होता. उरलेला राऊंड तो लांबूनच लढला आणि तिसराही तसाच काढला. गुणांवर रोहन जिंकला. अभिनवनं त्याला मिठी मारली, ग्लोव्हज काढले, बॅग उचलली आणि आनंदीकडे न बघता बाहेर पडला.

खुर्च्या रिकाम्या होत होत्या तेव्हा काका परत आले. त्यांनी हात पुढं केला. "किल्ली."

आनंदीनं दिली.

"तुझ्या तिकीटवाल्यांना सांग हॉल द्यायला," काका म्हणाले.

घरी गेल्यावर आईनं विचारलं, "शाल नाही आणलीस?"

"नाही."

"बरं झालं. ठेवायला जागा नाही." आईनं ताट वाढलं. दादा म्हणाला की पाहुण्यांना रिंगमधून उतरवणारी माणसं पुण्यात अजून जन्माला यायची आहेत, एक सोडून. आनंदी जेवली. तिला अभिनवचं ते न बघणं तेवढं दिसत होतं. खुर्च्या भरल्या होत्या, म्हणजे शब्दाप्रमाणे त्यानं राहायला हवं होतं. पण जिंकत आलेली लढत आपल्याच मंडळाच्या घंटेनं घालवल्यावर शब्द कोणत्या तोंडानं मागायचा?

सकाळी ती हॉलकडे गेली. जायचं काही कारण नव्हतं, किल्ली नव्हती. पण रोज जायची, म्हणून गेली. दाराला काकांनी नवं कुलूप घातलं होतं. त्याखालच्या पायरीवर अभिनव बसला होता, हाताला पट्ट्या बांधत.

"काका उघडणार नाहीत," आनंदी म्हणाली.

"दिसतंय की. कुलूप मोठं आहे."

ती शेजारी बसली. "काल घंटा वाजली नसती तर तू..."

"माहिती आहे, ताई."

"पिंजरावाल्यांना काय कळवलंस?"

त्यानं पट्टीचं टोक दातात धरून गाठ मारली. "खुर्च्या भरल्या होत्या ना," तो म्हणाला. "आणि ते स्वेटरवाले आजोबा. माझा राऊंड अडला म्हणून उठले ते."

आनंदीनं पिशवीतून हातावर घालायचे पॅड काढले. गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या होत्या, मध्ये जेमतेम जागा. दोघं तिथंच सुरू झाले. जॅब, जॅब, हुक. बॅचची पोरं एकेक करून आली, कुलूप बघितलं आणि दुचाक्यांच्या कडेनं दोरीवरच्या उड्या मारायला लागली.

समोरून स्वेटरवाले गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन आले. त्यांनी कुलूप बघितलं, मग यांच्याकडे बघितलं.

"काल लढत मधेच थांबली होती," ते म्हणाले. "दोनशे रुपये पूर्ण घेतलेत."

"हो," आनंदी म्हणाली. "आमची चूक झाली."

"उरलेलं आज बघतो."

त्यांनी दुधाची पिशवी एका स्कूटरच्या सीटवर ठेवली, हात पाठीमागं बांधले आणि उभे राहिले. आनंदीनं पॅड वर धरले.

"आत शिर," ती अभिनवला म्हणाली.