पाय लागला म्हणून

परदेशातल्या त्या शुश्रूषागृहात सगळे तिला ‘नवी’ म्हणत. तिच्यानंतर दोघी नर्स आल्या, त्यांना आल्या दिवशीच नावं मिळाली. ही नवीच राहिली. सासरी थोरली, माहेरी ताई, इथे नवी. सकाळी गणवेशाची बटणं लावताना तिला कधीकधी कळत नसे, यांतली कामावर कोण चाललीय.

शुक्रवारी तिच्या नोकरीची चाचणीची मुदत संपत होती. मुख्य सिस्टर म्हणाल्या होत्या, “तुझ्या कामात खोट नाही. पण इथल्या माणसांना तू आपली वाटायला हवीस. खिडकीजवळचे आजोबा तुला हातही लावू देत नाहीत. कसं ठेवायचं तुला?” ठेवलं तर नवरा आणि लेक इकडे येणार होते. नाही ठेवलं, तर तिनेच बॅग भरायची.

ते आजोबा म्हणजे जुने घड्याळजी. त्यांच्या कपाटावरच्या घड्याळांत प्रत्येकात वेगळी वेळ. विचारलं तर म्हणत, “दुरुस्ती चालू आहे.” अंग पुसायला ही आली की भिंतीकडे तोंड करत. “तू नको. दुसरीला पाठव.” दुसरी धसमुसळी होती, ओला कपडा फिरवून मोकळी व्हायची. तरी तीच हवी.

गुरुवारी संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन केला. “अहो, आपली वाटायचं म्हणजे नेमकं काय करायचं?”

“हसत जा की जरा.”

“हसतेच.”

“मग कमी हस. संशय येत असेल त्यांना.”

मागून सासूबाई ओरडल्या, “अरे, विचार तिला, म्हाताऱ्याला जेवण तरी नीट देते ना? का तिथेही मीठ विसरते?”

शुक्रवारी सकाळी घड्याळजी खुर्चीत बसले होते, पायांत लोकरीचे मोजे. ती पडदा सरकवायला गेली आणि तिचा बूट त्यांच्या पायाला लागला. काही सुचायच्या आधीच ती वाकली, त्या पायाला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. वडीलधाऱ्यांना पाय लागला की घरी सगळे करतात, तसं.

सरळ झाली तर म्हातारा पांढराफटक.

“कळलं तुला,” ते म्हणाले.

“काय?”

“नाटक पुरे. बोटांनीच कळलं तुला.” त्यांनी स्वतःच मोजा ओढून काढला. टाचेला जखम होती, कडेने काळी पडलेली. मधुमेहामुळे तिथे दुखणंही उरलं नव्हतं. “पाय कापतील म्हणून लपवली. दुसरी घाईची आहे, मोजे काढत नाही. तू काढशील, हे पहिल्याच दिवशी दिसलं. म्हणून तू नको.”

ती डॉक्टरांना बोलवायला धावली. जिन्यात क्षणभर थबकली. म्हणजे आपण परक्या म्हणून नकोशा नव्हतोच? मग इतके दिवस रडलो ते कशासाठी?

पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. मुख्य सिस्टरांनी तिचा खांदा थोपटला. “मोज्यावरून ओळखलंस! कमाल आहे.”

“मी काही ओळखलं नाही हो. पाय लागला म्हणून फक्त नमस्कार केला.”

“आणि वर भावही खात नाही! राहायचं हं इथेच.”

दुपारपर्यंत बातमी वॉर्डभर झाली. कोपऱ्यातल्या शिक्षिकाबाईंनी पांघरुणातून पाय बाहेर काढला. “माझाही बघ ना गं.” ती वाकली, बोटं लावली, हात सवयीने कपाळाकडे गेला. ही तपासणी झाली की नमस्कार, तिचं तिलाच ठरवता येईना. बाई मात्र समाधानाने झोपल्या.

“ठेवलं मला,” तिने फोनवर सांगितलं.

“म्हणजे आपली वाटलीस!”

“कुणास ठाऊक. चुकून पाया पडले एकाच्या.”

मागून सासूबाई म्हणाल्या, “इथे वाकताना बरी कंबर धरायची हिची!”

पुढे एकदा ती घड्याळजींची चाकांची खुर्ची वळवत होती. त्यांचा पट्टी बांधलेला पाय तिच्या पायावर आपटला. ते कण्हत कण्हत खाली वाकले, तिच्या बुटाला बोटं लावली आणि तशीच स्वतःच्या कपाळाला टेकवली. मग डोळे मिटून बराच वेळ विचार केला.

“ठीक आहे तुझं,” ते म्हणाले. “काळजीचं काही नाही.”

ती बुटाकडे बघत राहिली.