व्हॉल्व्हचं चाक

मी चौथी नापास. तरी चिंचोटीच्या पुढच्या त्या कारखान्यात गॅसच्या टाक्यांचं प्रेशर उतरवायचं काम माझंच होतं. साफसफाईआधी टाकीतला गॅस उंच चिमणीला, म्हणजे फ्लेअरला सोडायचा आणि वर जाळून टाकायचा. मी व्हॉल्व्हचं चाक धरायचो आणि मान वर करून ज्योत बघायचो. सुरुवातीला टाकीत जोर असतो, तेव्हा चाक जेमतेम हलवायचं. जोर उतरेल तसं आणखी उघडायचं. ज्योत आधी जेवढी, शेवटीही तेवढीच, हातभर. आमच्या लोकांत त्याचीच पत होती. ज्याची ज्योत उडाली तो कच्चा. त्याला कँटीनमध्ये आठवडाभर 'होळी' म्हणून हाक मारायचे. ही पद्धत मीच पाडली. एक-दोघे त्या हाकेपायी काम सोडून गेले. गेले तर गेले.

रिटायर झाल्यावरही ठेकेदारामार्फत मला त्याच चाकावर ठेवलं. मग नव्या इंजिनीअर मॅडम आल्या, माझ्या नातीच्या वयाच्या. लॅपटॉप उघडून त्यांनी मांडलं, की अमुक मापाच्या भोकातून सुरुवातीला गॅस किती वेगाने जाणार, जोर कमी होईल तसा वेग किती उतरणार, आणि टाकीतला जोर निम्म्यावर कधी येणार. त्या मापाचं भोक पाडलेली जाड तबकडी पाइपात बसवायची आणि व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधून बटणाने एकदम उघडायचा. चाकाला माणूस नको.

सगळ्यांसमोर मी म्हणालो, "मॅडम, ज्योत ढगाला लागेल. लॅपटॉप घेऊन विझवायला चढाल का?"

त्या चिडल्या नाहीत. "चढू दे ज्योत, काका. चिमणी तेवढा गॅस झेलते, ते काढलंय मी. तुम्ही ज्योत बघता, मला टाकी बघायचीय. खाली आग लागली तर टाकीचा पत्रा तापून नरम होतो. आत जोर तसाच राहिला की टाकी फाटते. तुमच्या हाताने उतरायला किती वेळ लागतो?"

"लागतो तेवढा लागतो."

हे मोठ्या साहेबांनी ऐकलं. सारख्या मापाच्या दोन टाक्या उतरवायच्याच होत्या. एक मॅडमच्या पद्धतीने, एक माझ्या, आणि जो मागे पडेल त्याची पद्धत बंद, असं ते बोलले. मी लगेच हो म्हटलं.

मॅडमची ज्योत भडकली, झाडावरचे बगळे उडाले. मी हसलो. पण मग कोणी हात न लावता ती आपोआप बसत गेली, त्यांनी स्क्रीनवर काढलेल्या उताराबरहुकूम. चहा येईपर्यंत टाकी निम्म्यावर.

मग मी. उभ्या आयुष्यात तेवढा चांगला हात पडला नव्हता. मान अवघडली, पण ज्योत हलू दिली नाही. खाली पाहिलं तेव्हा निम्मी माणसं जेवायला निघून गेली होती. साहेब जेवून हात पुसत परत आले, टाकीवरच्या प्रेशरच्या काट्याकडे बघून म्हणाले, "काका, खरी आग असती तर एवढ्यात तुमचा दहावा उरकला असता."

सगळे हसले. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत, ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी चाक काढून नेलं आणि मला गेटवर गाड्या सोडायला बसवलं.

पुढच्या खेपेला फ्लेअर भडकली तेव्हा मी गेटवरच होतो. समोर भाजी घेऊन एक म्हातारी बसते. तिला मुद्दाम म्हणालो, "बघ, कशी आग ओकतेय. मी होतो तेव्हा कधी दिसली?"

तिने मान वर केली. "पन लवकर इझते आता. तुझ्या येळंला दिसभर धुमसायची. हंड्यातल्या पान्यावर काजळी बसायची आमच्या."

"तुला काय कळतं त्यातलं," मी म्हणालो.

"मला काजळी कळते," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

तेव्हापासून मी तिला गेटसमोर बसू देत नाही.