जवसाचं दूध

किन्हीराजा गावच्या जगदेवला जेवण म्हणजे भाकर, जवसाची चटणी आणि तिच्यावर कच्च्या तेलाची धार. तंबाखू-सुपारीच्या खर्‍याच्या नादानं त्याच्या जबड्याला कॅन्सर झाला, अर्धा जबडा काढावा लागला. घरी आल्यावर त्यानं खुणेनं आधी मागितली ती चटणीच. पण घास गिळणं आता संपलं होतं.

"दुधात थोडं तेल देत जा, अंगात ताकद राहील," डॉक्टर म्हणाले. रंगूबाईनं नवऱ्याला तसं दिलं. तेल वर तरंगलं, घशाला चिकटलं, आणि ठसक्यानं जगदेवचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मग वाटी दिसली की तो मान फिरवायचा. रोज थोडा थोडा वाळत चालला.

त्याची मुलगी वैभवी रिसोडच्या एका कॉलेजात अन्नपदार्थांची प्रयोगशाळा सांभाळायची. तिथं अल्ट्रासाउंडचं एक यंत्र होतं. त्याची दांडी पातळ पदार्थात बुडवली की कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी तेलाचा इतका भुगा करत, की थेंब पुन्हा एकत्र येत नसत. तिनं सरांची परवानगी काढली, भांडी नवी आणली आणि सोयाबीनच्या दुधात जवसाचं तेल घेऊन बसली. पहिल्या खेपेला मिश्रण तापलं, खवट वास सुटला. ओतून दिलं. मग भांडं बर्फात ठेवून, थांबत थांबत यंत्र चालवलं. तेल धरून ठेवायला सोयाबीनचंच लेसिथिन घातलं. या वेळी दूध एकजीव झालं. फ्रिजमध्ये ठेवलं तरी तेल वर आलं नाही. डॉक्टरांना विचारूनच तिनं ते घरी नेलं.

जगदेवनं नाखुशीनं चमचा तोंडात घेतला. ठसका लागला नाही. तो थांबला, डोळे मिटले.

"जवस," तो बोबडं बोलला.

"हो बाबा."

"कायले एवढी मेहनत करून राह्यली वं, माय?"

 वैभवीनं दुसरा चमचा भरला.

पुढं काही आठवडे तो ओसरीवर येऊन बसायचा. पोळ्याला बैलांच्या पाठीवरून हातही फिरवला. पण दुखणं पुन्हा उपटलं, या वेळी घशातच. दूध कितीही एकजीव असलं तरी आत जायला वाट उरली नाही. शेवटी वैभवी त्या दुधानं नुसते ओठ ओले करायची. तशातच तो गेला.

राख सावडून आल्यावर रंगूबाईनं फ्रिजमधली बाटली काढली.

"थो काय पेत होता, मले पाहू दे."

एक घोट घेऊन तिनं तो जिभेवर घोळवला. मग म्हणाली, "मीठ नाही टाकलं वं तू याच्यात."

"जखमेला झोंबलं असतं, आई."

"अन् चटणीत मीठ कमी पडलं तं ताट सरकवणारा थो, काहीच बोलला नाही..."

रंगूबाई तिथंच खाली बसली. लेकीनं हात पुढं केला, पण आईनं बाटली दिली नाही. पदरानं डोळे पुसत, घोट घोट करत, सगळी संपवली.