माझा हात वर नव्हता

"तुमच्या पोट्ट्यायले बाकं कायले पायजे वं? तुमी त गादीवाले. घरून गादी आना अन् बसा."

अध्यक्ष हसले. मग सगळी खोली हसली. हेडमास्तर हसले नाहीत, ते खाली बघत राहिले. मला त्यांचाच जास्त राग आला.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या समितीची सभा होती. समितीत आयाही हव्यात असा नियम आहे, म्हणून मी सभासद. बापांना खुर्च्या, आयांना दाराजवळची चटई. हा नियम कुठला ते मला आजवर कुणी सांगितलं नाही.

आम्ही पिंजारी. गाव कारंजा तालुक्यातलं, कामरगावच्या बाजूचं. गावातल्या गाद्या, उशा, दुलया सगळ्या आमच्या हातच्या. अब्बा हातानं कापूस पिंजायचे, नवरा मशीनवर पिंजतो. आमच्या गादीवाचून गावात एक लग्न लागलं नसेल. आणि आमची पोरं शाळेत फरशीवर बसतात. तीही खोलीत नाही, व्हरांड्यात.

मीही तिथंच बसायचे. घरून पोत्याचं बस्कर न्यायचं आणि खिडकीच्या गजांतून दिसेल तेवढा फळा वाचायचा. मास्तर म्हणायचे, आत जागा झाली की घेतो. जागा कधी झाली नाही. तेव्हा शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची शाळा हायवेच्या पलीकडे. अब्बा म्हणाले, "पोरीच्या जातीनं रोड वलांडाचा नाई." संपलं माझं शिक्षण. अब्बांचा राग येतो, अजून येतो. पण त्या रोडवरचे ट्रक पाहिले की तो रागही धड करता येत नाही.

आता गावातच आठवीपर्यंत वर्ग आहेत. माझी मुस्कान चौथीत आहे. आठवीपर्यंत तरी तिला रोड ओलांडायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी दिवस ढकलत होते.

पण शाळेचं नाव झालं. सेमी इंग्रजी आलं, भिंतीवर टीव्ही लागला. आजूबाजूच्या गावांतून ऑटो भरभरून पोरं यायला लागली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. त्या पोरांवर माझा राग नाही, पोरं ती पोरंच. पण ती आली आणि थेट खोलीत बसली. आमची सरकत सरकत व्हरांड्याच्या पायरीवर आली.

त्या दिवशी सभेपुढं दोन वाटा होत्या. हेडमास्तरांनी त्या दबक्या आवाजात सांगितल्या. एक, जिल्ह्याकडं नव्या खोल्यांसाठी निधी मागायचा आणि गावानंही हातभार लावायचा. दुसरी, आमचा मोहल्ला शाळेच्या हद्दीतून काढून रोडपलीकडच्या शाळेला जोडायचा. तिथं पोरं कमी आहेत, खोल्या रिकाम्या पडल्यात.

अध्यक्ष म्हणाले, "खोल्यायले पैसा लागते. हद्द बदलाले काय लागते? एक ठराव."

तेव्हा मी त्या समितीत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "खोल्याच बांधा ना दादा. दोन बाकं आमच्या पोरायलेबी येतीन." त्यावर ते गादीचं बोलले.

हसणं थांबल्यावर खुर्चीवरचा एक बाप म्हणाला, "गर्दी कुठी हाये? वऱ्हांड्यात. तो मोकळा झाला का गर्दी संपली."

तो सहज बोलून गेला. मला मात्र कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. आधी आम्हाला आत घेतलं नाही. आता बाहेर आहोत म्हणून आम्हीच जास्तीचे. माझी आख्खी शाळा मी गर्दी म्हणून शिकले होते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

आमच्या समितीत मत घेण्याची एक रीत आहे. अध्यक्ष चटईकडं बघतात. आम्ही बाया हात वर करतो, विषय कळलेला असो नसो. मग हेडमास्तर मोठ्यानं म्हणतात, "सर्वानुमते." आणि चहा येतो.

अध्यक्षांनी हद्दीचा ठराव मांडला आणि चटईकडं बघितलं. माझ्या बाजूच्या शांताबाईचा हात वर गेला. तिनं मला कोपर मारलं. "कर न वं. चहा थंडा हून राह्यला."

माझा हात मांडीवरच होता.

"काहून वं? हात दुखते का?" अध्यक्ष.

"नाई दादा. हात चांगला हाये. पन या हातानं मी माही पोरगी रोडवर धाडत नाई."

"तुह्या एकलीनं काय होते?"

"ठराव होईन. सर्वानुमते होनार नाई. सर, तसंच लिवा."

हेडमास्तरांनी अध्यक्षांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पेनाचं टोपण काढलं. शेवटी "बहुमताने" म्हणाले. तो शब्द त्या खोलीत मी पहिल्यांदा ऐकला.

ठराव झालाच. तो मंजुरीसाठी वर गेलाय. चहा आला, मला कप आला नाही. दुसऱ्या दिवशी एका घरानं गादीचं काम परत नेलं. नवरा म्हणाला, "गावातच धंदा कराचा हाये आपल्याले." खोटं नाही बोलला. मी थकलेय, मला भांडायची हौस नाही. मला फक्त मुस्काननं विचारलेलं ऐकवलं नाही. "अम्मी, मंग मी आता कुठी बसू?"

सोमवारी मी मशीनवरचा चांगला कापूस भरून एक छोटी गादी शिवली. मंगळवारी सकाळी मुस्कानचा हात धरला, व्हरांडा ओलांडला आणि चौथीच्या खोलीत, पहिल्या बाकाच्या पुढं, फळ्यासमोर ती अंथरली. घरून गादी आणा म्हणाले होते, आणली. तिला बसवलं. तिच्या मागं भिंतीला टेकून मी बसले.

वर्गावरच्या बाई म्हणाल्या, "तुमी बाहेर थांबा."

"बाहेर लय बसली बाई."

तेव्हापासून सकाळी स्वयंपाक उरकते आणि येते. पाठ दुखते, घरी काम तुंबतं. वरून मंजुरी येईल, तेव्हाही मी इथंच असेन. मुस्कानला उठवायला आले तर आधी मला उठवावं लागेल. मी उठणार नाही.