दोन्ही गालांवर वेण्या

परवा नातसुनेने मोबाईलवरून मागवलेला टोपीवाला मफलर घरी आला. डोक्यावर टोपी, तिथूनच दोन्हीकडे खाली उतरणारा मफलर, आणि त्यावर वेणीची वीण... परभणीत थंडी कडाक्याची पडली आहे, त्यामुळे त्याचं जंगी स्वागत झालं.

मी मात्र आधी वेण्या कुठे आल्यात ते पाहिलं. बरोब्बर दोन्ही गालांवर! मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. सगळे जमले म्हणून त्यांना सांगितलं, तेच इथेही सांगते. नव्वदी ओलांडलेल्या बाईने स्वतःची थोडी टिमकी वाजवली तर चालतं.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी इथेच मुलींच्या शाळेत पाचवीला होते. चौथीपर्यंत मराठी आणि पुढे सगळं उर्दूत... भूगोलसुद्धा उजवीकडून डावीकडे वाचायचा.

आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, कापडाचं दुकान होतं. आठवडी बाजारांना ते पहाटेच बैलगाडीने निघायचे. पटका डोक्याला पुरायचा, पण कान उघडेच. दर हिवाळ्यात त्यांच्या कानात असा ठणका लागायचा की घरात कुणी मोठ्याने बोलायची सोय नसे.

त्याच हिवाळ्यात ते म्हणाले, "पाचवीपातूर लय झालं. संक्रांतीला नाव काढून टाकू." मी रडून गोंधळ घातला. तेव्हा वैतागून म्हणाले, "मग काय शिकायलीस तिथं? घरात कामाला येईल अशी एक चीज करून दाखव!"

"दाखवली तर?"

"तर जा पुढं. आडवीन तर शपथ!"

आम्ही लिंगायत; गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून म्हणाले. अण्णांनी असा हात लावला की शब्द फिरत नसे, हे मला ठाऊक होतं.

शाळेत आम्हाला विणकाम शिकवणाऱ्या बाईंना सगळे उस्तानी म्हणत. त्या स्वतः विणलेला टोपीवाला मफलर घालायच्या. त्याची एक वेणी गालाशी दिसायची आणि दुसरी मागे मानेवर जायची. आम्हाला वाटायचं, हैदराबादेत अशीच फॅशन असेल.

अण्णांच्या कानांसाठी मी तोच विणायचा ठरवला. पेडगावच्या धनगराकडून घोंगडीची काळी लोकर आणली... अंगाला अशी टोचायची की विचारू नका. सुया म्हणजे सायकलचे दोन आरे घासून केलेले. वेणीचा पीळ घालताना टाके अडकवून ठेवायला तिसरी सुई लागते, तिथे आईच्या अंबाड्यातला आकडा.

मफलरचे दोन भाग करायचे. दोन्ही खालून वर विणत न्यायचे आणि डोक्यावर एकमेकांना जोडायचे. उस्तानींनी चौकटींच्या कागदावर नक्षा काढून दिला. त्यात एका काठाला वेणी, बाकी साधी वीण. पहिला भाग मी वर्गात विणला, त्यांचं बोट नक्ष्यावर फिरेल तसा.

मग उस्तानी तापाने आजारी पडल्या. दुसरा भाग मी घरी बसून, तोच नक्षा समोर ठेवून पुरा केला. आठ दिवस जेवायला उठवावं लागायचं मला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दोन्ही भाग शेजारी ठेवले आणि बघते तर काय... पहिल्याची वेणी उजव्या काठाला, दुसऱ्याची डाव्या! मग डोक्यात प्रकाश पडला. वर्गात उस्तानींचं बोट उजवीकडून डावीकडे जायचं. घरी मी मराठीच्या सवयीने डावीकडून सुरुवात केली होती. नुसत्या चौकटी त्या, वाचायचं कुठून ते थोडंच लिहिलेलं असतं?

उसवून पुन्हा विणायला वेळच नव्हता. दोन्ही भाग उराशी धरून रडत उस्तानींच्या घरी गेले. त्या नुकत्याच अंथरुणातून उठल्या होत्या.

"रोती कायकू?" म्हणत त्यांनी दोन्ही भागांची वरची टोकं टाचली, मागची शिवण टाचली आणि सगळं माझ्या डोक्यावर चढवलं. मग आरशासमोर उभं केलं.

एक वेणी या गालावर, एक त्या गालावर... देवळाच्या दाराला दोन्हीकडे तोरण उतरावं तशा!

उस्तानींनी स्वतःचा मफलर काढला, उलटसुलट करून पाहिला. दोन्ही भाग अगदी सारखे विणले की डोक्यावर जोडताना एक फिरतो आणि त्याची वेणी मागे जाते. फॅशन कसली, चूकच होती ती!

"इत्ते बरसां हो गए, मेरे कू नै सूझा," त्या म्हणाल्या आणि खदखदून हसल्या. मग दोघींनी मिळून शिवण पक्की केली. टोचू नये म्हणून आईने आतून जुन्या मलमलचं अस्तर लावलं.

संक्रांत झाल्यावर अण्णा पहाटे तो घालून पोखर्णीच्या बाजाराला गेले. परतले तेव्हा चांगलं ऊन होतं, घाम गळत होता, तरी टोपी डोक्यावरच! "उतरवा की आता," आई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. आख्खा बाजार इचारायला व्हता, कुणी केलं म्हणून," ते म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "नाव न्हाई काढायचं हिचं. म्या शाळेत सांगून आलोय."

मी अंगणात तीन उड्या मारल्या. नंतर तीस वर्षं मी शाळेत विणकाम शिकवलं. दर वर्षी मुलींना तोच नक्षा द्यायचे आणि सांगायचे, पहिला भाग उजवीकडून वाचा, दुसरा डावीकडून.

का म्हणून विचारलं की एकच उत्तर असायचं... उजवी वेणी माझ्या उस्तानींची आहे, डावी माझी.