पदवी चोरीची तक्रार

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. खुनाची नव्हती, दरोड्याची नव्हती. एका कागदाची होती. पण दरोडेखोरांनी मला जेवढं पिडलं नाही तेवढं त्या कागदानं पिडलं.

मी शिपाई म्हणून भरती झालो. शिक्षण बेताचंच. सहायक फौजदार होऊन रिटायर झालो. बायको गेली, त्याला वर्ष होत आलं. घर खायला उठतं, म्हणून लिहीत बसतो.

शेवटची काही वर्षं मी सोलापुरात होतो. एके दिवशी हजेरी आटोपून ठाणे अंमलदाराच्या टेबलामागं बसलो, तर शुक्रवार पेठेतला एक किराणा दुकानदार मुलीला घेऊन आला. मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. व्हिएतनामच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागलेली. शाळेनं बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत कागद पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. पासपोर्ट तयार होता. शिकवण्याचा कोर्स तिनं पुण्यात राहून केला होता. चारित्र्य पडताळणीचा दाखला आमच्याकडूनच गेला होता. राहिली होती मूळ पदवी. तिच्या मागच्या बाजूला आधी मुंबईच्या सरकारी कार्यालयाचा शिक्का लागतो, मग वकिलातीचा. नेमकी तीच घरातून चोरीला गेली म्हणे.

"कपाटातलं सोनं?" मी विचारलं.

"हाय की."

"रोख?"

"तीबी हाय."

"मग चोरानं नुसती पदवी नेली? त्याला काय मास्तर व्हायचं होतं?"

दुकानदार कपाळाला हात लावून कानडीत म्हणाला, "एल्ला होयितु, साहेब. सगळं गेलं. आता तेवढा पोलिसांचा दाखला द्या. तो दिला की विद्यापीठ दुसरी प्रत देतं."

ज्याच्या घरी चोरी होते तो आधी चोर मागतो. हा दाखला मागत होता. मला तिथंच खटकलं. पण तक्रार चोरीची, म्हणजे विचारणं भाग.

"घरात बाहेरचं कोण येतं?"

तो फरशीकडं बघत म्हणाला, "धुण्याभांड्याची बाई."

मुलगी उसळली. "अप्पा, मावशींचं नाव कशाला घेता? मी लहान असल्यापासून येतात त्या!"

नाव आलं म्हटल्यावर ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी गाडी पाठवली. बाईंना आणलं. पन्नाशीच्या, तेलुगू घरातल्या, नवऱ्यामागं एकटीनं संसार ओढणाऱ्या. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, मला सही येत न्हाय. तो कागद नेऊन काय चूल पेटवू? पेटवायला रद्दी काय कमी हाय का गावात?"

मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही. जबाब घेऊन तासाभरात त्यांना सोडलं. गल्लीनं मात्र तेवढ्यात निकाल लावला होता. दोन घरांनी त्यांना निरोप धाडला, उद्यापासून येऊ नका.

पुढचे दिवस नुसते फुकट गेले. मुलगी रोज यायची, "काही कळलं का, काका?" दुकानदार रोज यायचा, "दाखला झाला का, साहेब?" चोराचं नाव दोघंही काढत नव्हते. मी घरी जाऊन बायकोवर चिडायचो. ती ताट वाढत म्हणायची, "माझ्यावर कशाला ओरडता? मी न्हाय नेली त्यांची पदवी."

मग खबर मिळाली. ठाण्याबाहेरच्या टपरीवर मी चहा घेत होतो. शेजारचा झेरॉक्सवाला जवळ आला.

"साहेब, ते किराणावाले अप्पा लई दिवसांमागं माझ्याकडं आले होते. विचारत होते, लॅमिनेशन काढून मिळतं का? मी म्हणलं, प्लास्टिक निघंल, पण त्याच्यासंगं कागदबी निघंल."

मी चहा तसाच ठेवला. दुकानदाराला आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं. आवाज चढवला नाही. अशा माणसावर ओरडलं की तो आणखी घट्ट होतो.

"अप्पा, लॅमिनेशन कधी केलंत?"

त्यानं पेला खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. पोरगी पुण्यात असताना त्यानं हौसेनं पदवीला प्लास्टिक घालून आणलं. भिंतीला ओल येते, कागद खराब होईल म्हणून. पुढं पोरगी फोनवर कुणाला तरी सांगत होती ते त्यानं ऐकलं. लॅमिनेशन केलेल्या पदवीवर शिक्का बसत नाही, कार्यालय ती परत पाठवतं. तो घाबरला. पदवी दुकानात ज्वारीच्या पोत्याखाली लपवली आणि चोरी झाली म्हणून बोंब मारली.

मी विद्यापीठात फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, खराब झालेली पदवी जमा करा, अर्ज करा, नवीन मिळते. पोलिसांचा दाखला लागतच नाही. मी फोन ठेवला आणि कपाळ बडवून घेतलं. खरं बोलला असता तर काम पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं!

मुलीला बोलावून पदवी तिच्यासमोर ठेवली. तिनं चकचकीत प्लास्टिकची कड नखानं उचकटून बघितली.

"मला सांगायचं होतंत ना, अप्पा."

"तू चिडशील म्हणून..."

"मग आता काय हसू?" तिनं पदवी पिशवीत टाकली. "चला. आधी मावशींकडं."

"गल्लीत? सगळ्यांसमोर?"

"पोलिसांची गाडी आली तीही सगळ्यांसमोरच."

साहेबांनी तक्रार मागं घेतल्याचा जबाब लिहून घेतला, सज्जड दम दिला आणि मला बरोबर धाडलं. दुकानदारानं बाईंच्या दारात हात जोडले. बाई म्हणाल्या, "माझ्यासमोर हात जोडून काय व्हतंय? त्या दोन घरात येऊन सांगा." तो गेला. एका घरानं बाईंना परत बोलावलं. दुसऱ्या घरानं नवी बाई ठेवली होती.

मुलीचंही तसंच झालं. नवी पदवी आली तोवर महिना उलटला होता. शाळेनं जागा दुसऱ्याला दिली होती. मग तिनं पुन्हा अर्ज केले, पुन्हा मुलाखती दिल्या. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या शाळेत गेली.

नोकरीत मी चोर पुष्कळ बघितले. चोर खोटं बोलतो ते स्वतःची कातडी वाचवायला, आणि त्याचा आम्हाला अंदाज असतो. लाजेपोटी खोटं बोलणारा साधा माणूस जास्त नुकसान करतो. आपल्या खोट्यापुढं कोण उभं आहे, हे तो बघतच नाही. दुकानदार फार तर पोरीचा एक दिवसाचा राग टाळायला गेला. पोरीचं वर्ष गेलं आणि बाईंचं एक घर कायमचं सुटलं.